शॉवरची बंदूक

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो बाई एकदाचे! खोली बघून जीव सुखावला. कारखान्याच्या वरच आहे, दोन खिडक्या, उजेड भरपूर, आणि नळ थेट खोलीत. आधीच्या घरी पाण्यासाठी जिना उतरायला लागायचा. भिंगरीने आल्या आल्या नळ सोडला आणि बंद करू देईना. भिंगरी म्हणजे आमची लेक, अडीच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. खरं नाव शाळेत घातल्यावर वापरू, तोवर राहू दे घडी घालून.

जेवण खाली, मालकाच्या घरात, सगळ्यांचं एकत्र. स्वयंपाक मालकाची मोठी बहीण करते, तिला सगळे ताई म्हणतात. ताईंनी भिंगरीला मांडीवर घेतलं तर कार्टी खुशाल त्यांच्या चष्म्याची काडी चावत बसली. नवऱ्याला पाईप कापायचं, भोकं पाडायचं काम. मला रंगकाम.

मला वाटलेलं नळ-बिळ बनवत असतील. कसलं काय! पन्नाशीचा बाप्या, आणि बनवतो काय, तर खोट्या बंदुका. आकाशातल्या लोकांच्या. सिनेमावाले घेतात म्हणे, आणि काही थोराड घोडी हौसेने घेऊन कपाटात मांडून ठेवतात. त्याला मालक म्हटलेलं चालत नाही, कप्तान म्हणा म्हणतो. कशाचा कप्तान? घरात साधी होडी नाही.

ही डायरी त्यानेच दिली. हार्डवेअरच्या दुकानदाराने त्याला फुकट दिलेली, वर पान्याचं चित्र. माझी शाळा सातवीत सुटली पण अक्षर बरं आहे. इथे लोकांना नावं ठेवायची तर ऐकायला कुणी नाही, म्हणून डायरीत ठेवते.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम कळलं. हसावं का रडावं तेच कळेना.

कप्तान हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि पोतं भरून आणतो. पाईपचे तुकडे, पाईप वळवायचे एल्बो, सिंकची जाळी, नरसाळी, वॉशर, नळाच्या चाव्या, पंख्याची बटणं. नवरा ते कापतो, कप्तान चिकटवतो. सिंकखालचा वाकडा पाईप असतो ना, त्याला नळाची चावी लावली, वर पंख्याचं बटण ठोकलं की झालं दूरच्या ताऱ्यावरचं हत्यार. मी त्याला चंदेरी रंग मारते. वाळला की काळा रंग फासते आणि फडक्याने पुसते, म्हणजे खाचांमध्ये मळ बसल्यासारखा दिसतो. त्याला इथे मळवणं म्हणतात. आम्ही जन्मभर जुनं घासघासून नव्यासारखं केलं, आणि इथे नवं कोरं मळवून जुनं करायचे पैसे मिळतात. देवाने यांना अक्कल वाटली तेव्हा हे चाळणी घेऊन उभे होते.

नवऱ्याला मात्र भारी कौतुक. बटण दाबून तोंडाने आवाज काढत बसतो. घोडा झालाय तरी. मी म्हटलं, मागे वायर नाही, बॅटरी नाही, दाबतोस काय? तर म्हणे, तुला कल्पनाच करता येत नाही. नाही येत बाबा. मला भाजी निवडता येते, पोर सांभाळता येते.

८ फेब्रुवारी, शनिवार

यांचा आणखी एक नमुना ऐका. कप्तान म्हणतो, फडक्याने मळवलेलं कळतं. खरा झिजलेला रंग माणसाच्या हातानेच झिजतो, आणि हातसुद्धा मनापासून फिरायला हवा. म्हणून गिऱ्हाइकाला देण्याआधी वस्तू जेवणाच्या टेबलावर ठेवायची आणि घरातल्या सगळ्यांनी ती खरी समजून वापरायची. त्याला म्हणायचं हात बसवणं. तोवर तिला खेळणं म्हणायचं नाही. चुकून म्हटलं की कप्तान असा बघतो जसं काही मी त्याच्या आईला शिवी दिली.

सध्या टेबलावर शॉवरची बंदूक आहे. पुढे शॉवरची चाळणी, मागे एल्बो, मुठीला सायकलचं रबर. दोन बटणं. लाल दाबून ज्याच्यावर रोखाल तो नाहीसा. म्हणजे खरा नाही हो! त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, त्याचं ताट मांडायचं नाही. तो नसल्यासारखंच वागायचं. मग हिरवं दाबलं की परत आला.

आज नवऱ्याने कप्तानला नाहीसं केलं. कप्तान टेबलाभोवती फिरून तोंडं वाकडी करतोय आणि माझा शहाणा भिंतीकडे बघत जेवतोय. ताईसुद्धा हसत होत्या. भिंगरी तर मला, मला करत नाचत होती. तिलाही केलं, लगेच परत आणलं, तर पुन्हा मला, मला.

मला म्हणाले, तूही खेळ. मी म्हटलं, मला असले चाळे जमत नाहीत. माझ्यासमोर माणूस बसला असेल तर मला तो दिसतो. कप्तानला राग आला. येऊ दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बंदुकीचं हिरवं बटण खुळखुळत होतं. बटण कसलं, बाटलीचं झाकण आहे, हिरवं रंगवलेलं. दोनदा निघून पडलं, एकदा भिंगरीच्या तोंडातून काढलं. गिळलं असतं म्हणजे? मी सरळ मागून गोंद ओतला, वरून भोकं बुजवायच्या लांबीचा गोळा दाबला आणि रंग मारून टाकला. आता हत्तीने दाबलं तरी हलणार नाही. मागे काहीच नाही, तर हलायला हवंय कशाला? कप्तानला सांगितलं नाही. उगाच भाषण देत बसेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

परवा कप्तानने ताईंवर लाल दाबलं. ताई आपल्या हसत हसत वाढत होत्या. मग त्याने हिरवं दाबायला बघितलं, ते दबेना. तेवढ्यात फोन आला, तो उठून गेला, विषय संपला.

पण तेव्हापासून दोघं बाप्ये ताईंशी बोलत नाहीत. आधी मला वाटलं खेळ चालूय. काल ताईंनी विचारलं, आणखी वाढू का? दोघांनी मान वर केली नाही. ताईंनी आमटीचा डाव आपटला तरी नाही. मी नवऱ्याला कोपर मारलं. तो म्हणे काय झालं?

तशीही या घरात ताईंना कोण बघतं म्हणा. ताट समोर येतं, ते आपोआप येतं असंच वाटतं यांना. बहीण-भावाचं काहीतरी बिनसलंय आणि माझा नवरा मालकाचं शेपूट. मोठी माणसं आणि अबोला धरतात शाळकरी पोरांसारखा. शी!

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताई आज भावाच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्याचे दोन्ही खांदे धरून हलवले. तो मान चोळत मला म्हणाला, वहिनी, ती खिडकी लावा, वारा येतोय.

ताई माझ्याजवळ येऊन रडल्या. म्हणाल्या, दूधवाल्यानेही आज हाकेला ओ दिली नाही, दुकानदाराने माझ्या मागच्याला आधी दिलं. तुला तरी दिसते का गं मी? मी म्हटलं, दिसता म्हणजे काय? ढळढळीत दिसता. त्यांना चहा करून दिला. कप दोन्ही हातांनी धरून बसल्या, प्यायल्या नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ताई गेल्या. भरदुपारी, स्वयंपाकघरातल्या सपाता तशाच पायात. मी खिडकीतून बघितलं. रस्ता ओलांडताना एकही गाडी त्यांच्यासाठी थांबली नाही, हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्याच कशा तरी वाचत वाचत पलीकडे गेल्या. हाका मारल्या, पण मागे वळल्या नाहीत.

खाली जाऊन कप्तानला झाडलंच. म्हटलं, साहेब, सख्ख्या बहिणीला असं घालवतात का? तो खो खो हसला. म्हणे, वहिनी, मी एकुलता एक. बहीण असती तर हे स्वयंपाकघर असं असतं का? आणि खरकट्या भांड्यांकडे बोट दाखवलं.

खोटं बोलताना माणूस थोडा तरी बिचकतो. तो बिचकला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

दुपारचं जेवण मी केलं. भिंगरी नवऱ्याच्या मांडीवर. ती मला, मला करायला लागली. मी ओट्याशी होते. त्याने बंदूक उचलली, तिच्या छातीवर रोखली आणि लाल दाबलं. भिंगरी खिदळत खाली उतरली, टेबलाखालून पळाली, बापाच्या पायाला मिठी मारली. नवरा आणि कप्तान जेवतायत. मी म्हटलं, पुरे आता, घे तिला वर, घास भरव.

तो म्हणाला, कुणाला?

मी म्हटलं, मस्करी पुरे. त्याने हिरव्यावर अंगठा टेकवला, दबलं नाही, बंदूक ठेवून दिली. भिंगरी त्याचा शर्ट ओढत होती. बाबा, बाबा, बाबा. शर्ट ताणला जात होता. त्याने शर्ट झटकला, मुंगी झटकावी तसा, आणि उठून हात धुतले. येताना तिला धडकला. ती पडली, ओठ फुटला, किंचाळली. तो शीळ घालत कामाला गेला.

मी हिरव्या बटणात गोंद ओतला. मीच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्यासमोर भिंगरीला धरलं. तिचा हात त्याच्या गालावर ठेवला. म्हटलं, ही कोण? त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, कीव करून. म्हणाला, अगं, होईल आपल्याला मूल, तू इतका त्रास करून घेऊ नकोस.

खाली तो कप्तानला सांगत होता, हिला फार ओढ आहे हो मुलाची, मनावर परिणाम झालाय. तो बिनडोक दिवसभर शॉवर रोखून तोंडाने सूं सूं करतो, आणि मनावर परिणाम झालाय माझ्या!

तिचे कपडे दाखवले. म्हणे, कुठून आणलेस? परत देऊन ये.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरीला घेऊन निघाले. आईकडे जायचं म्हणून बसमध्ये चढले. ड्रायव्हरने मी चढल्याबरोबर दार लावलं, तिचा हात अडकला. ओरडले तेव्हा उघडलं, तर म्हणे काय अडकलंय बाई, पिशवी का? पोरगी शेजारच्या सीटवर बसवली. पुढच्या थांब्याला एक जाडजूड बाई आली आणि सरळ तिच्यावर बसली. मी ढकललं तिला. माझ्या पोरीवर बसलात, म्हणाले. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली, भिंगरीकडे कुणीच नाही. दोन पुरुषांनी मला धरून खाली उतरवलं. भिंगरी मागून स्वतःच उडी मारून उतरली.

माझ्या आईला फोन लावला. म्हटलं, आई, भिंगरी. आई म्हणाली, कोण?

कुठे जाऊ? अर्ध्या वाटेत कुणी तिला गाडीखाली घेईल. परत आणायचं बटण त्या मुडद्या कप्तानच्या टेबलावरच आहे. परत आले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सुरीने हिरवं बटण उकरलं. मागे भोक, भोकात माझाच गोंद, दगडासारखा. टोकरून टोकरून काढला, बोटं फुटली. नवीन झाकण बसवलं, हिरवं रंगवलं. तिच्यावर रोखलं, दाबलं. नवऱ्याला बोलावलं. काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा बोलावलं. तो वैतागला.

कप्तान दारात उभा राहून बघत होता. म्हणे, वहिनी, तुम्ही हात राखून दाबताय. मनात धरलंच नाहीत तर काय उपयोग? ही बंदूक आहे असं आधी स्वतः मानायला हवं.

या मूर्खाचं ऐकायची वेळ आली माझ्यावर. पण पोरीसाठी मी काय केलं नसतं. डोळे मिटले. शॉवर विसरले, झाकण विसरले. मनात म्हटलं, ही खरी आहे, हिने माणूस जातो, हिने माणूस येतो. भिंगरी गेलेली आहे, ती इथे नाही, आता येईल. अगदी मनापासून म्हटलं. दाबलं.

डोळे उघडले तेव्हा समोर भिंत.

मग दिसली. होती तिथेच होती. पण आधी भिंत दिसली—

२५ फेब्रुवारी

कळलं मला. मी खेळत नव्हते, म्हणून ती मला दिसत होती. आणि मी खेळले. ती इथे नाही असं स्वतःच्या मनाने मानलं.

सकाळी एकाच माणसाचं दूध तापवलं. आठवलं, परत तापवलं. ती कधीची रडत होती. मला नळाचा आवाज वाटला.

आता मनाला सांगतेय, खेळणं आहे, खेळणं आहे, शॉवर आहे. पण एकदा मानलेलं— कसं पुसायचं ते?

बंदूक फोडली. आत काही नाही. कप्तान म्हणाला, आत काय असणार?

२६ फेब्रुवारी

तिच्या अंगावर बसले मी. खुर्ची मोकळी दिसली. आई गं म्हणाली ती.

जुन्या चादरीची लांब पट्टी फाडली. एक टोक माझ्या कंबरेला, एक तिच्या. गाठींवर गाठी मारल्या. ओढली की कळेल, आहे. दिसली नाही तरी कळेल. पट्टी सोडायची नाही. काही झालं तरी पट्टी—

नवरा बघतो नि मान हलवतो. हलव. माकडा. बाप म्हणे.

२७

ओढतेय. आहे. आहे.

दुपारी बराच वेळ ओढली नाही. मी ओढलं. जड लागलं. म्हणजे आहे. झोपली असेल. हाताने चाचपून केस लागले, कपाळ लागलं, तोंडाशी हात नेला तर चोखायला लागली बोट. भुकेली. दूध ओतलं, कुठे ओतलं कळेना, निम्मं जमिनीवर—

नाव काय तिचं. भिंगरी. भिंगरी. भिंगरी. भिंग—

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जरा डोकं हलकं वाटतंय. उशिरा उठले. जमिनीवर दूध सांडून सगळं चिकट झालंय, हा नवऱ्याचा पराक्रम. पिऊन झालं की कप विसळायचा असतो हे त्याच्या आईने त्याला शिकवलंच नाही.

मागची पानं चाळली. कुणा पोरीबद्दल काय काय लिहिलंय मी. कप्तानच्या संगतीने मीसुद्धा गोष्टी रचायला लागले म्हणायची. वेड्यांच्या घरात राहिलं की दुसरं काय होणार? उद्यापासून रंगकाम सोडून दुसरं काही बोलायचंच नाही यांच्याशी.

आणि हा काय प्रकार? कंबरेला चादरीची पट्टी बांधलीय कुणी तरी. या दोघांचाच नवा खेळ असणार, माणूस झोपलेलं बघून. गाठी पण अशा मारल्यात की नखं मोडली. सारखा हिसका बसतोय, चालू देत नाही, पलीकडचं टोक कशाला तरी अडकलंय. बघितलं तर तिकडे काहीच नाही, नुसतं ताणलेलं. परत हिसका. काम करू द्यायचं नाही माणसाला. थांबा, कात्री आणलीय, आधी हे कापते आणि मग त्या दोघांना—